बाक, बसकर, पाट, फरशी : वर्गात कुठे बसलात, कसे शिकलात?

जिल्हा परिषदेच्या शाळांना हल्ली ग्रामपंचायतीच्या निधीतून, माजी विद्यार्थ्यांच्या वर्गणीतून बाक मिळतात. आनंदच आहे. पण पहिलीच्या पोराचे पाय जमिनीला टेकतात का, हे बाक घेताना क्वचितच बघितलं जातं. पहिली ते चौथी सगळ्यांना एकच माप! लोंबकळते पाय घेऊन सहा वर्षांचं मूल अक्षर गिरवतं आणि आपण त्याला ‘नीट बस’ म्हणतो. शिक्षक, पालक, बाक बनवणारे, सगळ्यांनी अनुभव लिहा. शाळेचं नाव नको.

शिक्षिका, सातारा जिल्हा
आमच्याच जिल्ह्यातल्या कुमठे बीटातल्या (एका विस्तार अधिकाऱ्याकडच्या शाळांचा गट) शाळा बघायला राज्यभरातून शिक्षक येत होते, तेव्हा मीही गेले होते. फरशीवर रंगाने आखलेली अक्षरं-अंक, भिंतीला मुलांच्या उंचीवर फळे, बाई मुलांमध्ये खाली बसलेल्या. परत येऊन आम्हीही फरशी रंगवली. त्रेचाळीसातून सतरा वजा करायचे म्हणजे चार गठ्ठे आणि तीन सुट्या काड्या मांडायच्या. तीनातून सात जात नाहीत म्हटल्यावर दुसरीतली एक मुलगी एका गठ्ठ्याचं रबर काढते, दहा काड्या सुट्यांत मिसळते, मग सात उचलते. हातचा तिला पुन्हा समजवावा लागला नाही. पुढे बाक आले. त्यांच्या उतरत्या फळीवर काड्या घरंगळतात, आणि चौघींनी मिळून काही मांडायला जागाच नाही. आम्ही ते भिंतीकडेला लावलेत. लिहायला बाक, गणिताला फरशी.

पालक, ठाणे
मुलगी डावखुरी. दोघींच्या बाकावर तिला उजव्या टोकाला बसवलेलं. शेजारणीचा उजवा कोपर आणि हिचा डावा, दिवसभर धक्के. वहीवर ‘अक्षर सुधारा’चे शेरे. बाईंना विनंती करून जागा बदलून घेतली, डावं टोक. शेरे थांबले. एवढंच.

निवृत्त शिक्षक, पालघर जिल्हा
मुलांना सोयीचं बसणं आणि साधनं असावीत, हा विचार आमच्या भागात जुना आहे. मुळात इटलीच्या शिक्षणतज्ज्ञ माँटेसरीबाईंनी 1907 साली रोममध्ये बालगृह सुरू केलं, तिथे मुलांना स्वतः उचलता येतील अशी हलकी टेबलं-खुर्च्या होत्या. आपल्याकडे बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी 1945 साली बोर्डीला काम उभं केलं, तेव्हा खेड्याला परवडणारी बालवाडी हवी होती. मग आसपास मिळणाऱ्या बिया, शंख-शिंपले, पानं हीच साधनं झाली. पुढे कोसबाडला अनुताई वाघ आणि ताराबाईंनी गुरं राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी कुरणशाळा चालवली. मुलं कुरणात, म्हणून शाळाही कुरणात. बाक नाहीत म्हणून शिक्षण अडतं असं कोणी म्हटलं की मला कोसबाड आठवतं.

शिक्षक, लातूर जिल्हा
सरांचं लिहिणं पटतं, तरी एक सांगतो. जमिनीवर बसणं सगळ्यांना झेपत नाही. माझ्या वर्गातल्या एका मुलाला पायांमुळे मांडी घालता येत नव्हती. त्याच्यासाठी खुर्ची आणली. पण बाकीची पोरं खाली गोल करून गोष्ट रचत असायची आणि हा एकटाच वर. कोणी त्याला गोष्टीचं कार्ड द्यायला उठायचं नाही, त्यालाही वाकता यायचं नाही. बाक आले आणि तो पहिल्यांदा कुणाच्या तरी शेजारी बसला. त्या महिन्यात तो जितका बोलला, तितका आधी वर्षभरात बोलला नव्हता. शिवाय पत्र्याच्या खोलीत थंडीत फरशी किती गार पडते, तेही विसरू नका. आम्ही लहानपणी घरून पोतं न्यायचो.

फॅब्रिकेशनवाला, नगरकडचा
आम्ही शाळांचे बाक बनवतो. ऑर्डर नगावर आणि दरावर येते, मापाचं कोणी विचारत नाही. पाय दोन-तीन उंचीचे कापले तर पाइपाच्या खर्चात फारसा फरक पडत नाही. खरी अडचण म्हणजे बसायची फळी आणि पुढची फळी एकाच सांगाड्यात वेल्ड असतात. लहान पोराला पुढे सरकता येत नाही, ते टोकावर येऊन बसतं. सुटे केले तर गोलही मांडता येतात, पण ‘हलतील, मोडतील’ म्हणून नको म्हणतात. मागे एक मुख्याध्यापिका मात्र प्रत्येक वर्गातल्या पोरांची टाच ते गुडघा मापं वहीत लिहून घेऊन आल्या. त्यांचे बाक तसेच करून दिले.

धागाकर्ती
दादा, त्या बाईंची इयत्तावार मापं तुमच्याकडे असतील तर इथे टाकाल का? आमच्या शाळेचं कोटेशन याच महिन्यात जायचंय.