पहिल्या खेपेला झटके आले होते; दुसऱ्या बाळंतपणासाठी मुलीला कोठे ठेवावे?

प्रश्न (निवृत्त शिक्षिका, सोलापूर)

माझी मुलगी सध्या अकरा आठवड्यांची गरोदर आहे. तिचे सासर मंगळवेढा तालुक्यात असून आम्ही सोलापुरात राहतो. दोन वर्षांपूर्वी पहिल्या खेपेला आठव्या महिन्यात तिचे पाय, मग हात आणि शेवटी चेहरा इतका सुजला की बोटातली अंगठी साबण लावून काढावी लागली. ‘दिवस भरत आले की सूज यायचीच’ असे घरातले सगळे म्हणत होते, मीही म्हणत होते, आणि ज्या दवाखान्यात तपासणी चालू होती तेथे कार्डावर रक्तदाब 150/100 लिहून पुढची तारीख पंधरा दिवसांनंतरची देण्यात आली. त्या पंधरा दिवसांतच एका रात्री डोके ठणकू लागले, डोळ्यांपुढे काजवे चमकू लागले आणि गाडीने सोलापूरकडे आणत असताना बेगमपूरच्या पुलाजवळ तिला झटका आला. सीझर झाले. 33 आठवड्यांचे, दीड किलोचे बाळ तीन आठवडे काचेच्या पेटीत होते. आज माय-लेकरू सुखरूप आहेत.

माझे दोन प्रश्न आहेत. नव्या डॉक्टरांनी तिला रोज रात्री अ‍ॅस्पिरिनची गोळी लिहून दिली आहे, परंतु ‘रक्त पातळ करणारी गोळी घेतली तर गर्भ सुटेल’ या भीतीने विहीणबाईंनी ती अद्याप सुरू करू दिलेली नाही. त्यांची भीती कितपत खरी आहे? दुसरे असे की, पहिले बाळंतपण माहेरी आणि दुसरे सासरी अशी आमच्याकडे रीत आहे. ती मोडून तिला सोलापुरात आणावे काय, आणि आणायचे तर कोणत्या महिन्यात?

उत्तर 1 (स्त्रीरोगतज्ज्ञ)

गोळीचा प्रश्न आधी घेतो, कारण त्याला मुदत आहे. गरोदरपणातील रक्तदाबाच्या या आजाराचे मूळ वारेत असते. गर्भाशयाच्या रक्तवाहिन्या पहिल्या काही महिन्यांत जेवढ्या रुंदावायला हव्यात तेवढ्या रुंदावत नाहीत, वारेला रक्त कमी पडते, आणि तिच्यातून आईच्या रक्तात उतरणारे घटक पुढे मूत्रपिंड, यकृत, मेंदू या सर्वांना त्रास देतात. सूज आणि वाढलेला रक्तदाब आपल्याला सातव्या-आठव्या महिन्यात दिसतो, पण त्याची बैठक चौथ्या महिन्यापर्यंत जमलेली असते. म्हणूनच अ‍ॅस्पिरिन बाराव्या आठवड्यापासून, उशिरात उशिरा सोळाव्याच्या आत सुरू करायचे असते. सहाव्या महिन्यात ‘आता देऊन बघू’ म्हणून सुरू केलेल्या गोळीकडून फारशी अपेक्षा ठेवता येत नाही. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत, अधिक जोखीम असलेल्या स्त्रियांना रोज रात्री 150 मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन 36 आठवड्यांपर्यंत दिल्यावर, 37 आठवड्यांपूर्वी होणाऱ्या या आजाराचे प्रमाण निम्म्याहूनही कमी झाले.

एवढ्या अल्प मात्रेने गर्भपात होतो असे दिसून आलेले नाही. विहीणबाईंनी ऐकलेली गोष्ट बहुधा तापासाठी किंवा अंगदुखीसाठी घेतल्या जाणाऱ्या मोठ्या मात्रेबद्दलची असावी. मुलीला जठरात व्रण, रक्तस्रावाचा आजार, दमा किंवा अ‍ॅस्पिरिनची अ‍ॅलर्जी असल्यास मात्र ते डॉक्टरांना आधी सांगावे, आणि मात्रा त्यांनीच ठरवावी. आहारात दूध कमी असेल तर कॅल्शियमही महत्त्वाचे ठरते. ते आणि लोहाची गोळी एकाच वेळी घेऊ नये, दोन तासांचे अंतर ठेवावे.

आपण विचारले नाही, तरी एक गोष्ट सांगतो. मागच्या खेपेला सीझर झाले आहे, म्हणून सोनोग्राफीत वार जुन्या टाक्यांवर आली आहे काय हे मुद्दाम पाहून घ्यावे. तशी ती असेल तर गर्भाशयाच्या भिंतीत रुतण्याची शक्यता असते, आणि अशा स्त्रीची प्रसूती रक्तपेढी व भूलतज्ज्ञ हाताशी असलेल्या मोठ्या रुग्णालयातच व्हायला हवी. आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे निम्मे उत्तर यातच आहे. उरलेले असे की, 28 आठवड्यांनंतर दर पंधरा दिवसांनी व 32 नंतर दर आठवड्याला तपासणी व्हावी आणि 32 पूर्ण होताच तिने सोलापुरात मुक्कामाला यावे. रक्तदाब आधीच वाढू लागला तर त्याच दिवशी यावे. तो 160/110 वर गेल्यास दुसऱ्या दिवसाची वाट पाहायची नसते.

उत्तर 2 (निवृत्त परिचारिका, सोलापूर जिल्हा)

डॉक्टरसाहेबांशी मी बहुतांशी सहमत आहे, परंतु मुक्कामाबाबत माझे मत थोडे वेगळे आहे. मागच्या वेळी 33 व्या आठवड्यात झटका आला असताना 32 व्या आठवड्यात हलवणे म्हणजे केवळ सात दिवसांची सवड ठेवणे होय. मी 28 व्या आठवड्यातच आणीन. मंगळवेढ्याहून सोलापूर पन्नास-पंचावन्न किलोमीटर आहे, आणि रात्री दोन वाजता गाडी, चालक व पैसे यांची जुळवाजुळव होईपर्यंत जो वेळ जातो तो या किलोमीटरांत मोजलेला नसतो.

घरी दंडाला बांधायचे रक्तदाबाचे यंत्र आणा, मनगटाचे नको. मोजण्यापूर्वी मुलीने पाच मिनिटे पाठ टेकून शांत बसावे, पाय जमिनीवर असावेत, दंड हृदयाच्या उंचीवर टेकवलेला असावा, आणि पट्टा ब्लाउजच्या बाहीवरून बांधू नये. ही शेवटची चूक मी इतक्या वेळा पाहिली आहे की कार्डावरचे निम्मे आकडे बाहीचेच असावेत असे कधीकधी वाटे. आकडा, तारीख आणि वेळ वहीत लिहावी. 140/90 किंवा अधिक आल्यास चार तासांनी पुन्हा मोजावे, आणि दुसऱ्यांदाही तेच आल्यास डोके दुखत नसले तरी दवाखाना गाठावा.

झटका आलाच तर कांदा किंवा चप्पल हुंगवू नये, दातांत चमचा घालू नये; तिला डाव्या कुशीवर वळवावे आणि 108 ला फोन करावा. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस देऊनच पुढे पाठवायचे असते. दोन्ही बाजूंच्या नितंबांत प्रत्येकी 5 ग्रॅम, खोल स्नायूत. ते इंजेक्शन फार दुखते. बेशुद्धीच्या काठावरची बाईसुद्धा हात झटकते. परंतु वाटेतला पुढचा झटका टाळण्यासाठी त्याहून भरवशाचे औषध नाही. नातेवाईकांनी एवढेच पाहावे की चिठ्ठीवर डोस आणि दिल्याची वेळ लिहिलेली आहे, कारण ती नसली तर पुढच्या रुग्णालयात तोच डोस पुन्हा दिला जाण्याचा धोका असतो, आणि मॅग्नेशियम जास्त झाले की श्वास मंदावतो. म्हणून पुढचे प्रत्येक इंजेक्शन देण्यापूर्वी आम्ही गुडघ्यावर हातोडी मारून पाय उडतो का ते पाहतो, श्वास मोजतो आणि लघवीची पिशवी तपासतो.

आशाताईंकडे नोंद असेलच. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी आरोग्य संस्थांत प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी असते. तेथे कार्डावर जोखमीच्या गरोदरपणाची खूण म्हणून लाल स्टिकर लावून घ्यावे.

उत्तर 3 (एक वडील, अक्कलकोट तालुका)

वरील दोघांनी प्रसूतीपर्यंतचे सांगितले. मी प्रसूतीनंतरचे सांगतो, कारण आमची फसगत तेथे झाली. माझ्या पत्नीचा रक्तदाब नवव्या महिन्यात थोडाच वाढला होता, प्रसूती व्यवस्थित झाली आणि तिसऱ्या दिवशी घरी पाठवण्यात आले. पाचव्या दिवशी तिचे डोके दुखू लागले. ‘कान बांधले नाहीत, वारा लागला’ असे म्हणून बाळंतिणीच्या खोलीच्या खिडक्या बंद करण्यात आल्या. मे महिना होता आणि आत शेगडीही पेटवलेली होती. शेजारच्या नर्सबाईंनी सहज म्हणून मोजला तेव्हा रक्तदाब 170/110 होता. बाळ आणि वार बाहेर आले की आजार संपला, असे आम्ही धरून चाललो होतो. वास्तविक प्रसूतीनंतर तिसऱ्या ते सहाव्या दिवशी तो पुन्हा उसळू शकतो आणि झटकेही येऊ शकतात, हे आम्हाला रुग्णालयात दुसऱ्यांदा गेल्यावर समजले. यंत्र कपाटात ठेवू नका.

खर्चाबद्दल एक सांगतो. सरकारी रुग्णालयात सीझर, औषधे, तपासण्या, रक्त आणि रुग्णवाहिका जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली मोफत मिळतात. तरीही मुलीच्या रक्तगटाचे दोन-तीन नातेवाईक आधीच सांगून ठेवावेत.

प्रश्नकर्ती

आपणा सर्वांची मी आभारी आहे. डॉक्टरांचे उत्तर मी फोनवर विहीणबाईंना वाचून दाखवले. त्या थोडा वेळ काहीच बोलल्या नाहीत, मग ‘सोळाव्या आठवड्याच्या आत म्हणता ना, मग सोमवारपासून देते’ एवढेच म्हणाल्या. तोवर बारावा आठवडा लागलेला असेल. रीतीचा तोडगाही त्यांनीच काढला आहे: बाळंतपण सासरचेच समजायचे, फक्त ते सोलापुरात होईल आणि 28 व्या आठवड्यापासून त्या स्वतः आमच्याकडे राहायला येतील. जावयांनी दंडाचे यंत्र आणले आहे. काल मुलीने पहिला आकडा कळवला, 118/76. बाही वर करून मोजला का, असे मी विचारले, तेव्हा ती हसली आणि पुन्हा मोजायला बसली.