नवीन मॅगव्हील आणि मोजकं बजेट: टायर कोणते घातलेत? अनुभव सांगा

मंडळी, आपल्या सीमाभागात गाडीला मॅगव्हील (अलॉयची रिम) घालायची हौस चांगलीच वाढलीय. दुकानात गेलं की आधी रिम पसंत होते, पैसे तिथंच संपतात आणि टायरसाठी हात आखडतो. खरं तर गाडी रस्त्याला टेकते ती तळहाताएवढ्या चार जागांवर. ब्रेक, वळण, पावसातली पकड, सगळं तिथंच ठरतं.

माझी बलेनो आहे, मी बेळगावात टिळकवाडीत राहतो आणि चोर्ला घाटातून गोव्याला वरचेवर जाणं असतं. 15 इंची नवी रिम घेतलीत. टायरचा आकार कंपनीचाच, 185/65 आर 15 (रुंदी 185 मिलिमीटर, बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या 65 टक्के, रिम 15 इंची). चार टायर बसवून, बॅलन्सिंग-अलाइनमेंटसकट तीस हजारांच्या आत बसवायचे आहेत. पकड मूळ टायरपेक्षा चांगली हवी, विशेषतः ओल्या रस्त्यावर.

गाडी, आकार, रोजचा रस्ता आणि पावसाळ्यात काय जाणवलं तेवढं सांगा. नुसतं "अमुक कंपनी भारी" असं नको.

खानापूर, स्विफ्ट

माझ्या गाडीला मूळचे 165/80 आर 14 होते. वरच्या मॉडेलला कंपनीच 185/65 आर 15 देते, म्हणून तोच आकार घेतला. चाकाची एकूण उंची दोन्हीत जवळपास सारखीच, साधारण 620 मिलिमीटर. त्यामुळं स्पीडोमीटर खोटं बोलत नाही आणि वळवताना टायर कुठं घासतही नाही.

जांबोटी, कणकुंबीकडचा पाऊस तुम्हाला माहीत आहेच. तिथं टायरला पाणी बाजूला सारता आलं पाहिजे. मी टायर बघताना मधल्या उभ्या खाचा किती रुंद आणि किती खोल आहेत ते बोट घालून बघतो. दिसायला स्पोर्टी असलेल्या काही टायरांत रबराचे मोठे ठोकळे असतात आणि खाचा कमी. कोरड्यात ते मस्त चिकटतात, पण साचलेल्या पाण्यावरून वेगात गेलं की स्टिअरिंग एकदम हलकं लागतं. मी अपोलोचे अल्नॅक घेतले. घाटात उतरताना ओल्या वळणावर गाडी आता ओढ घेत नाही. आवाज थोडा जास्त आहे, तो मला चालतो.

आणखी एक. आमच्याकडचा तांबडा चिखल रिमच्या आतल्या बाजूला बसतो आणि वाळून घट्ट होतो. मग ऐंशीच्या पुढं स्टिअरिंग थरथरायला लागतं आणि लोक बॅलन्सिंगला धावतात. आधी रिम आतून धुवा. बऱ्याचदा तेवढ्यानं भागतं.

उद्यमबाग, काम टायर बसवायचं

रोज मॅगव्हील हातातून जातात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

टायरच्या आधी रिम बघा. बोल्टची मापं जुळली म्हणजे रिम बसली असं लोक समजतात. स्विफ्ट, बलेनो, आय ट्वेंटी या सगळ्यांना चार बोल्ट आणि त्या बोल्टांचं वर्तुळ 100 मिलिमीटरचं. पण मधलं भोक बाजारातल्या रिमला मोठं असतं, कारण एकच रिम दहा गाड्यांना विकायची असते. मग रिम हबवर (चाक बसतं त्या मधल्या गोल भागावर) न बसता नुसत्या बोल्टवर तोलली जाते आणि कितीही बॅलन्सिंग केलं तरी कंप जात नाही. मध्ये हब रिंग, म्हणजे ती फट भरणारी कडी, टाकायची. वस्तू अगदी स्वस्त, पण मागितल्याशिवाय सहसा कुणी देत नाही. बॅलन्सिंगची वजनंसुद्धा रिमच्या आतून चिकटवायची घ्या, ठोकायची नकोत. कडेचा रंग गेला की तिथून रिम खराब व्हायला लागते.

आता टायर. आकारानंतर 88 एच असं काही लिहिलेलं असतं. 88 म्हणजे एक टायर 560 किलो पेलतो, एच म्हणजे ताशी 210 किलोमीटरपर्यंतचा वेग. आपल्या रस्त्यांना एच भरपूर झाला. त्याहून जास्त वेगाच्या व्ही किंवा डब्ल्यूसाठी जादा पैसे मोजायची गरज मला दिसत नाही. भाराचा आकडा मात्र मूळ टायरपेक्षा कमी घेऊ नका. पाच माणसं आणि डिकीभर सामान घेऊन लग्नाला जाणारी गाडी असते आपली.

साइडवॉलवर, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीवर, लंबगोलात चार आकडे असतात. 2325 म्हणजे टायर 2025 सालातल्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. कधी हे आकडे टायरच्या एकाच बाजूला असतात आणि बसवताना ती बाजू आत जाते, म्हणून बसवायच्या आधी बघायचं. चारही टायरांचे बघा, एकाचे बघून भागत नाही. काही टायरांवर फिरण्याच्या दिशेचा बाण असतो, काहींवर बाहेरची बाजू कोणती ते लिहिलेलं असतं. उलटा बसला की त्या नक्षीचा पावसात उपयोग राहत नाही.

दोनच टायर घ्यायची ऐपत असेल तर नवे मागं टाका. यावर गिऱ्हाईक रोज भांडतं, "इंजिन पुढं, मग नवे टायर मागं कशाला?" ओल्यात पुढचे घसरले तर गाडी वळायला कुरकुरते, पण ॲक्सिलरेटर सोडला की सावरते. मागचे घसरले तर शेपूट फिरतं, आणि ते सावरणं प्रत्येकाच्या हातचं नाही.

शहापूर, आय ट्वेंटी

सोळा इंचीच्या बाजूनं मी बोलतो. माझे 195/55 आर 16 आहेत. हायवेनं कोल्हापूर, पुणे हेच माझं जाणं-येणं. लेन बदलताना गाडी जशी सरळ, ताबडतोब प्रतिसाद देते ते पंधरा इंचीत मला मिळालं नव्हतं. पण हिशेब समजून घ्या. 185/65 आर 15 ची बाजूची भिंत साधारण 120 मिलिमीटर, माझी 107. ही बोटभर उशी गेली, आणि खड्ड्यात तेवढाच दणका रिमला जास्त. म्हणून मी हवेच्या बाबतीत काटेकोर आहे. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेला आकडा, तोही सकाळी टायर थंड असताना. पंपावर नेऊन गरम टायरमध्ये मोजलं की आकडा जास्तच दिसतो.

सहापदरीचं काम चाललंय तिथं रात्री वेग कमी ठेवतो. धाग्याच्या मालकांना चोर्ल्याला जायचं असेल तर मात्र पंधराच बरे, हे मीही मान्य करतो.

चिकोडी, वॅगन-आर

दादा, मी शाळेत शिकवते, रायबागकडं रोजचं जाणं. माझे टायर 165/70 आर 14. स्पोर्ट टायर या आकारात मला कुठल्याच दुकानात दिसले नाहीत, म्हणून रिम बदलून रुंद टायर घाला असा सल्ला बऱ्याच जणांनी दिला. मी नाही ऐकलं. छोट्या गाडीला रुंद टायर घातला की स्टिअरिंग जड होतं आणि पेट्रोलही जास्त लागतं. त्याऐवजी त्याच आकारात मिशेलिन घेतले. चारही एकदम परवडले नाहीत, दोन आधी घेतले आणि वर उद्यमबागच्या दादांनी सांगितलं तसे मागं टाकले. आमच्या यजमानांना ते अजून पटलेलं नाही.

आमच्याकडं खरी परीक्षा ऊस तोडणीच्या दिवसांत. ट्रॅक्टर शेतातून डांबरीवर आला की काळ्या मातीची ढेकळं रस्ताभर पडतात. सकाळी त्यावर दव किंवा पाण्याचा शिडकावा झाला की साबण पसरल्यासारखं होतं. तिथं कुठलाच टायर चमत्कार करत नाही. तरी जुन्या, कडक झालेल्या टायरांपेक्षा नव्या मऊ रबराचा फरक पहिल्याच ब्रेकला कळला.

निपाणी, पोलो

मी खरेदी कोल्हापुरात केली. आम्हाला बेळगाव आणि कोल्हापूर दोन्ही हाताशी, म्हणून दोन्हीकडं फोन करून भाव काढतो. विचारताना "सगळं धरून किती" असंच विचारा. बसवणं, नवा व्हॉल्व्ह, बॅलन्सिंग, अलाइनमेंट, जुन्या टायरची वजावट. नुसता टायरचा भाव कमी सांगून बाकीच्यात भरून काढणारे दोन्ही गावांत आहेत. आणि 22 सप्टेंबर 2025 पासून नव्या टायरवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आलाय. बिलात तो बघा. बिल नसेल तर पुढं साइडवॉलला फुगा आला तर वॉरंटी कशाच्या जोरावर मागणार?

तवंदी घाटात भरल्या गाडीनं उतरताना ब्रेकवर विश्वास बसावा एवढी पकड मला योकोहामाच्या मधल्या किमतीच्या टायरांत मिळाली. त्यांच्या वरचा, महागडा प्रकार मी मुद्दाम घेतला नाही. तो मऊ असतो, लवकर झिजतो, आणि माझं चालवणं तसं नाही.

अथणी

थोडक्यात सांगतो. मोठ्या गाड्यांचे उतरवलेले परदेशी टायर अर्ध्या किमतीत मिळतात, वरची नक्षी नव्यासारखी. माझ्या पुतण्यासाठी बघायला गेलो होतो. एक टायर आतून बॅटरी मारून बघितला, तर खांद्याजवळ पैशाएवढा पॅच, आणि त्याच्या बाजूला रबरावर बारीक जाळं उमटलेलं. बाहेरून काही म्हणजे काही कळत नव्हतं. त्या पैशात नवे साधे टायर घ्या.

धागाकर्ता

सर्वांचे आभार. ठरलं: आकार 185/65 आर 15 च ठेवतोय, अपोलो आणि योकोहामा दोन्हींचे "सगळं धरून" भाव मागवलेत, आणि ज्यांच्याकडं चारही टायर अलीकडच्या तारखेचे मिळतील ते घेणार. हब रिंग दुकानात मागितली तेव्हा दुकानदारानं दोन माप काढून आधी हबवर लावून बघितली, ते आवडलं. उद्यमबागचे दादा, बसवल्यावर लगेच घाटात गेलं तर चालेल का?

उद्यमबाग, काम टायर बसवायचं

लगेच नको. नव्या टायरवर साच्यातून सुटायला लावलेला निसरडा थर असतो. पहिले दोनशे-तीनशे किलोमीटर सपाटीला, जपून चालवा, ओल्यात तर जास्तच. पन्नास-शंभर किलोमीटर झाले की परत या, बोल्ट टॉर्क पान्यानं तपासून देतो. नवी मॅगव्हील बसली की बोल्ट किंचित सैल होऊ शकतात. आणि येताना स्टेपनी पण घेऊन या, तिच्यात हवा किती आहे ते बघू.