मागचा पंख: ओपनफोममध्ये हवा चिकटलेली, गाडीवर मात्र सुटलेली

पाना_आणि_पंख (विक्रोळी)
कॉलेजच्या फॉर्म्युला स्टुडंट (विद्यार्थ्यांनी बनवलेल्या रेसगाड्यांची स्पर्धा) गाडीचा मागचा पंख माझ्याकडे आलाय. दोन तुकडे: मुख्य पंख आणि मागे फ्लॅप. एकूण कॉर्ड (पुढून मागेपर्यंतची रुंदी) ३०० मिमी, त्यात फ्लॅप १००. दोघांमधली फट कॅडमध्ये (संगणकावरच्या आराखड्यात) ४.५ मिमी, फ्लॅप ३० अंशांवर. पंख अर्थातच उलटा, त्यामुळे ओढ खालच्या बाजूला.

पंखाचा छेद तपासणारा एक्सफॉइल प्रोग्रॅम एकाच तुकड्यापुरता, म्हणून आधी तसल्याच जावाफॉइलमध्ये चाचपलं. तिथे फ्लॅप ३५ अंशांवर नेला तरी लिफ्ट (इथे खालची ओढ) वाढतच राहते. मग ओपनफोममध्ये (हवेचा प्रवाह मेशच्या, म्हणजे जाळीच्या, छोट्या सेलांत वाटून गणित करणारं सॉफ्टवेअर) द्विमितीय केस: के-ओमेगा एसएसटी हे खळबळीचं मॉडेल, वेग सेकंदाला १५ मीटर, वायप्लस (भिंतीलगतचा पहिला सेल किती जवळ आहे ते सांगणारा आकडा) ४० च्या आसपास. रेसिड्युअल (गणितात उरलेली चूक) छान उतरले, फ्लॅपवर हवा टोकापर्यंत चिकटलेली. सरांना चित्र इतकं आवडलं की ते रिपोर्टात गेलंसुद्धा.

रविवारी तळोज्याला ओळखीच्या एका गोदामाच्या आवारात गाडी फिरवली. आजीच्या तोरणातली उरलेली लाल लोकर बोटाएवढी कापून फ्लॅपच्या पोटाला चिकटवली, खाली मोबाइल टेपने बांधला. व्हिडिओत दोन्ही कडांचे धागे गुमान मागे, आणि मधल्या हातभर पट्ट्यातले उलटे वळून नुसते वळवळतायत, म्हणजे तिथे हवा सुटलीय. चुकलं कुठे?

निवृत्त_डोंबिवलीकर
वायप्लस ४० वाचलं आणि चहा बाजूला ठेवला. तुझ्या वेगाला वायप्लस १ हवा तर पहिल्या सेलचा मध्य भिंतीपासून सुमारे ०.०२ मिमीवर येतो. ४० म्हणजे जवळजवळ ०.९ मिमी, आणि सेलची जाडी त्याच्या दुप्पट. साडेचार मिमीच्या फटीत असे सेल बसणार अडीच! त्यातच दोन्ही भिंतींलगतचे हवेचे थर आणि मधला प्रवाह. लोकलच्या चौथ्या सीटवर तिघांना बसवलंयस तू. फटीत निदान वीस-पंचवीस सेल हवेत. स्नॅपीहेक्समेश (ओपनफोमचं मेश बनवणारं साधन) अरुंद फटीत भिंतीलगतचे पातळ सेलांचे लेयर गुपचूप गाळून टाकतं, तेव्हा मेश उघडून डोळ्यांनी बघ.

जावाफॉइलचं म्हणशील तर त्यात सीमास्तराचा (पृष्ठभागालगतच्या मंदावलेल्या हवेच्या थराचा) परिणाम मूळ प्रवाहावर उलटा पोचतच नाही. मग हवा सुटणार कशी? कोन निवडायला ते वापरू नकोस.

आणि रिपोर्टात ‘फटीतून ताजी हवा फुंकली जाते’ असं लिहिलं असशील तर खोड. ए. एम. ओ. स्मिथ यांनी १९७५ च्या लेखात ती समजूत मोडून काढली होती. पुढच्या तुकड्याभोवतीच्या अभिसरणामुळे (हवेच्या वळशामुळे) मागच्याच्या नाकावरचं चूषणाचं शिखर (सगळ्यात कमी दाबाची जागा) ओसरतं, आणि प्रत्येक तुकड्याचा सीमास्तर नव्याने सुरू होतो. खरी करामत ती. पण फट फार अरुंद झाली की मुख्य पंखाची वेक (मागे राहणारा मंद हवेचा पट्टा) फ्लॅपच्या थरात मिसळते आणि सगळंच बिघडतं.

कळवा_खाडी
अगं, मधलाच पट्टा ना? पंखासमोर ड्रायव्हरचं हेल्मेट आणि मेन हूप (ड्रायव्हरच्या मागची संरक्षक कमान) आहे की! तुझ्या द्विमितीय केसला हेल्मेट कुठलं माहीत असणार? पंख काढून टेम्पोच्या टपावर उंच बांध आणि त्याच वेगाने फिरव. मधले धागे शांत झाले तर हेल्मेट दोषी.

पाना_आणि_पंख
टेम्पो केला. टपापासून पाऊण मीटर वर पंख, ताशी ५५ च्या आसपास. ड्रायव्हरदादांनी दोनदा विचारलं की हे उडणार तर नाही ना. वळवळ थोडी कमी, पण मधे आहेच. म्हणजे हेल्मेटचा हात आहे, पण मुख्य आरोपी दुसराच.

मग डोंबिवलीकर काकांच्या शेवटच्या वाक्यावर अडकले. नागदेवी स्ट्रीटवरून फिलर गेज (फटी मोजायच्या पातळ पट्ट्या) आणून फट मोजली. कडांना ४.५, मधे ४. तिथे मुख्य पंखाच्या मागच्या कडेला रेझिनचा ओघळ सुकलाय. तेवढ्याने एवढं होईल असं वाटेना. फ्लॅप फक्त दोन एंड प्लेटांना (पंखाच्या दोन्ही बाजूंच्या उभ्या पाट्यांना) स्क्रूने धरलाय, मधे आधार नाही. हवेचा भार फ्लॅपवर साधारण दोन किलो येईल असा हिशेब निघाला, म्हणून दोन किलो तांदूळ लांब पिशवीत भरून फ्लॅपवर पसरून ठेवले. मधली फट: २.६ मिमी.

नवीन मेशवर दोन्ही केस चालवल्या. ४.५ ला फक्त शेवटच्या बोटभर भागात हवा सुटते. २.६ ला फ्लॅपच्या मध्यापासूनच.

निवृत्त_डोंबिवलीकर
तांदूळ! वा. मधे तिसरा ब्रॅकेट दे, पातळ आणि प्रवाहाच्या दिशेने. ओघळ पॉलिश पेपरने घास.

२.६ मिमीच्या निकालावर मात्र अजून पूर्ण विसंबू नकोस. फ्लॅपचा स्वतःचा रेनॉल्ड्स (वेग आणि आकार हवेच्या चिकटपणाशी ताडणारा आकडा) लाखाच्या आतबाहेर, तिथे लॅमिनर बुडबुडा (शांत प्रवाह सुटून पुन्हा चिकटतो तेव्हा मधे अडकलेली हवा) होऊ शकतो आणि साधं एसएसटी तो दाखवत नाही. शांत प्रवाह खळबळीत कुठे बदलतो ते धरणारं लँगट्री-मेंटरचं मॉडेल ओपनफोममध्ये आहे, ते लावून फरक बघ. मेशची पद्धत तपासायला एनएलआर ७३०१ (पवनबोगद्यात मोजलेला एक पंखछेद) ची फ्लॅपवाली केस घे: फ्लॅप २० अंश, फट कॉर्डच्या १.३ आणि २.६ टक्के, दोन्हींची मापं उपलब्ध आहेत. रेनॉल्ड्स तुझ्या आठ-नऊ पट आहे, त्यामुळे बुडबुड्याबद्दल ती काही सांगणार नाही.

पाना_आणि_पंख
ब्रॅकेट कापायला दिलाय. सरांना नवं चित्र पाठवलं. ‘आधीचं जास्त छान होतं,’ म्हणाले.