अर्धा एकर विकून पिक्चर करू का? सांगली-साताऱ्याकडच्यांनी सांगा

बेदाणा_शेड: मी तासगावचा, वय २९, पुण्यात एडिटिंगची नोकरी. दोन शॉर्टफिल्म झाल्यात, त्यातली एक फेस्टिवलला लागली, बास. आता मोठ्या पिक्चरची स्क्रिप्ट तयार आहे, आमच्याच द्राक्षबागेतली गोष्ट, ऑक्टोबर छाटणीपासून माल बेदाण्याच्या शेडवर जाईपर्यंत. कॅमेरावाला मित्र म्हणतोय कितीबी ओढून-ताणून केलं तरी २५ लाख. आबा म्हणाले अर्धा एकर काढू, होऊ दे तुझं. आई तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. पण भाऊराव कऱ्हाडेंनी पण जमीन विकूनच ख्वाडा पिक्चर केला ना, नॅशनल अवॉर्ड मिळालं, मग मी का नको?

वाईकर_लोकेशन: भावा, मी १२ वर्षं शूटिंगला लोकेशन देतोय. जमीन विकून आलेले लय बघितले, त्यातले भाऊराव तुला माहीत आहेत, बाकीचे माहीत नाहीत कारण त्यांचे पिक्चर अजून हार्डडिस्कमधेच आहेत. सगळे २५ लाख शूटिंगलाच उडवतात आणि मग साउंड, कलर, डीसीपी (थेटरात लावायची फाईल), सेन्सॉर, पोस्टर याला परत आबांकडं. आणि थेटर मिळालं तरी शो सकाळी साडेनऊचा, कोण येणार. वाईत चहापासून सगळ्याला शूटिंगचा रेट लागतो, तुझ्या गावात तू कुणाचा तरी पुतण्या म्हणून निम्म्यात भागेल, एवढाच तुझा फायदा. नोकरी सोडू नको, एडिट तर तूच करणार ना?

नदीकाठ_कराड: सरकारी अनुदानाच्या भरवशावर पण राहू नका, ते पिक्चर पूर्ण झाल्यावर, परीक्षण होऊन दर्जा ठरल्यावर मिळतं, शूटिंगला नाही. ‘कोर्ट’ पिक्चरचं बघा. दिग्दर्शक चैतन्य ताम्हाणेंना स्क्रिप्टसाठी रॉटरडॅम फेस्टिवलचा ह्युबर्ट बाल्स फंड मिळाला आणि निर्माता झाला विवेक गोम्बर, तोच त्यात वकील आहे. म्हणजे पैसेवाला माणूस आधी स्क्रिप्टच्या प्रेमात पडला पाहिजे. गोव्यात इफ्फी फेस्टिवलच्या वेळी एनएफडीसी या सरकारी फिल्म महामंडळाचा फिल्म बाजार असतो, निर्माते तिथं येतात, तिथं स्क्रिप्ट घेऊन जा, सातबारा घेऊन नको.

मिरजेचा_तंबोरा: आपल्या सांगलीत १८४३ ला विष्णुदास भाव्यांनी सीतास्वयंवर केलं ते पण चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयावर, स्वतःचं वावर विकून नाही. तू बी एखादा राजा बघ 😄 आणि आईला स्क्रिप्ट वाचून दाखवलीस का?

बेदाणा_शेड: नाही दाखवली, त्यात आईच आहे म्हणून. वावर राहू दे मग. पण छाटणी १५ दिवसांवर आलीय, तेवढं नाही घेतलं तर वर्ष गेलं, सो दोन दिवस सुट्टी टाकून बागेतलं शूट करून ठेवतो, तेच दहा मिनिटं कापून फिल्म बाजारला दाखवायला होईल. मिरजेकडं स्वतःचं किट असलेला साउंडवाला आहे का कोण? पैसे कमी, जेवण आमच्याकडं.

मिरजेचा_तंबोरा: मीच आहे. जेवणात काय?