सव्वाचार वर्षांची मुलगी 'कारण' उलटं लावते, काळजी करू का?

प्रश्न (लेकीची आई): आमच्याकडे रविवारी पोहे ठरलेले. परवा उपमा केला, तर लेक म्हणते, "आज रविवार नाहीच, कारण पोहे नाहीत." कालनिर्णय दाखवलं तरी ऐकेना. त्यात शाळेत बाईंनी बटणांच्या दोन सारख्या ओळी मांडून एक लांब पसरली. ही म्हणाली, लांब ओळीत जास्त. वहीत शेरा आला, 'तर्क कच्चा, सराव घ्यावा', सोबत वर्कशीटचा गठ्ठा. रोज रात्री रडारड होते.

बालवाडीताई: तो गठ्ठा आधी कपाटात टाका. रविवार आणि पोहे ही जोडी तिची तिनं पाहून, लक्षात ठेवून जुळवलीय, फक्त उलट्या बाजूनं चालवली. मुलांच्या विचारांचा अभ्यास करणारे स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांची मुलगी ल्यूसिएन एका दुपारी झोपली नाही, तर म्हणाली होती, मी झोपले नाही म्हणजे दुपार झालीच नाही. एका गोष्टीवरून थेट दुसरीवर उडी, या वयात असंच चालतं.

बटणांचं मला जास्त लागलं. मोठ्या माणसानं मुद्दाम ओळ पसरायची आणि तोच प्रश्न पुन्हा विचारायचा! पोराला वाटणारच, आता उत्तर बदलायला हवं. मॅकगॅरिगल आणि डोनाल्डसन या मानसशास्त्रज्ञांनी 1970च्या दशकात 4 ते 6 वर्षांच्या 80 मुलांवर हेच करून पाहिलं. मोठ्यांनी ओळ बदलली तेव्हा 13 मुलांनी 'तेवढेच' सांगितलं. 'खट्याळ टेडी' नावाच्या खेळण्यातल्या अस्वलानं विस्कटली तेव्हा 50 जणांनी.

मी चिंचोके मांडते आणि पदर लागू देते. "अगं बाई, विस्कटले! आता?" एकदा एक पोरगा माझ्यावरच चिडला, "ताई, तेवढेच आहेत, नुसते लांब गेलेत." करून बघा, आणि "असं का वाटतं गं तुला?" एवढं विचारून गप्प बसा. ते गप्प बसणंच अवघड असतं.

एक बाबा: आमचा मुलगा चपातीचे चार तुकडे केले की 'मला जास्त' म्हणून खूश व्हायचा. सातव्या वर्षी एकदा ताटाकडे बघत म्हणाला, "पण चपाती एकच आहे ना?" कुणी शिकवलं नव्हतं.

लेकीची आई: ताई, काल शेंगदाणे मांडले, हात लागल्यासारखं केलं. बोट ठेवत मोजून म्हणाली, "सहा आणि सहा, सारखेच." मग एक उचलून तोंडात टाकला. "आता इथे कमी, कारण मी खाल्ला."