पाच महिन्यांचं बाळ, ७३ वर्षांच्या सासूबाई आणि समुद्र, जमेल का?

नवीनवी_आई:
नमस्कार मंडळी, लेक पुढच्या महिन्यात पाच महिन्यांची होईल तेव्हा चार दिवस समुद्रावर जायचं घाटतंय, मी, नवरा, बाळ आणि सासूबाई. आईंचं वय ७३, एका गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, बीपीची गोळी चालू, बाकी ठणठणीत. आजवर स्वतःहून कधी कुठे जाऊया म्हटलं नाही त्यांनी, यावेळी म्हणाल्या मला एकदा पाण्यात पाय बुडवून नुसतं उभं राहायचंय. त्यामुळे जायचं तर नक्कीच. पण नवऱ्याने बोटिंग, सूर्योदय, सूर्यास्त, तीन वेगवेगळे बीच अशी भलीमोठी यादी केलीय, ती वाचूनच मी दमले 😅 मला निवांतपणा हवाय हो. रूम कशी बघू, स्ट्रॉलर न्यायची का, बाळाला सनस्क्रीन चालतं का? अनुभवी लोकांनी सांगा प्लीज.

वाळूत_पाय:
आधी ती यादी फाडा. एक बीच, एकच रूम, तळमजल्यावरची, आणि रूमपासून वाळूपर्यंत किती पायऱ्या आहेत ते फोन करून विचारा, "बीचला लागून" म्हणतात आणि मध्ये चाळीस पायऱ्या निघतात. दुसरं म्हणजे कोरडी भुसभुशीत वाळू. सपाट रस्त्यापेक्षा तिच्यात चालायला दीडपट-दुपटीहून जास्त ताकद लागते, गुडघेवाल्या माणसाचा जीव तिथेच जातो, पाण्यापर्यंत पोचेस्तोवर आजी दमलेल्या. म्हणून ओहोटीची वेळ धरा. पाणी मागे गेलं की ओली घट्ट वाळू मिळते, तिच्यावर बऱ्यापैकी नीट चालता येतं, स्ट्रॉलरही ढकलली जाते. बहुतेक किनाऱ्यांवर भरती साधारण साडेबारा तासांनी येते आणि वेळ रोज अंदाजे ५० मिनिटं पुढे सरकते, त्यामुळे पहिल्या दिवशी आठला गेलो म्हणून चौथ्या दिवशीही आठलाच असं करू नका. सकाळी एक फेरी, ऊन उतरल्यावर एक, तासाभराच्या वर नाही. मधला अख्खा दिवस झोपायचं. लाल झेंडा असेल तर पाण्यात पाऊलसुद्धा नाही.

दोन_पोरांचा_बाप:
आमचा मोठा साडेचार महिन्यांचा होता तेव्हा आम्ही हौसेने स्ट्रॉलर नेली, कोरड्या वाळूत दहा पावलांवर पुढची चाकं रुतली ती रुतलीच, शेवटी उलटी करून ओढत नेली आणि घरी येऊन आठवडाभर बेअरिंगमधली वाळू काढत बसलो. पोराला छातीशी बांधायची झोळी किंवा कॅरिअर न्या, स्ट्रॉलर फक्त पक्क्या रस्त्यासाठी. आणि त्यावर ऊन लागू नये म्हणून कापड अजिबात झाकू नका!! मी झाकलं होतं, सावलीच होईल म्हणून, पाच मिनिटांनी आत हात घातला तर भट्टी. हवाच खेळत नाही आत. छत्री चालेल.

सनस्क्रीनचं म्हणाल तर सहा महिन्यांखालच्या बाळाला शक्यतो नकोच म्हणतात डॉक्टर, सावली, पूर्ण बाह्यांचा पातळ सुती कपडा आणि मोठ्या काठाची टोपी. पण नुसत्या छत्रीच्या भरवशावर राहू नका, कोरडी वाळू यूव्हीचा साधारण १५ टक्के भाग परत फेकते, लाटांचा फेस २५ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे सावलीत बसूनही खालून ऊन लागतं. दहा ते चार रूममध्ये. गरम होतंय म्हणून बाळाला वरचं पाणी पाजू नका, इतक्या लहान बाळाला दूधच, फक्त जास्त वेळा.

मी_पण_आजीच:
पोरी, सगळे बाळाचंच सांगतायत म्हणून लिहिते. मलाही मुलाने असंच समुद्रावर नेलं होतं. "आई, तू बस ना बाळाजवळ, आम्ही पटकन जाऊन येतो." ते पटकन सकाळी दीड तास आणि संध्याकाळी दोन तास चालायचं. चार दिवसांत मला समुद्र दिसला तो खिडकीच्या जाळीतून. बोलले नाही मी, नातवंडाचं कोण नाही म्हणेल. पण तुझ्या सासूबाईंनी तोंडाने मागितलंय, तर पहिल्याच सकाळी बाळ नवऱ्याकडे दे आणि तू त्यांच्याबरोबर जा.

पाण्यात नेताना बोटं धरू नकोस, बोटं सुटतात. दंडाला दंड घालून उभं राहायचं, लाटेकडे थोडं तिरकं, एक पाय पुढे. लाट येताना काही होत नाही, परत जाताना पायाखालची वाळू सरसर निघून जाते, टाचा खोल जातात आणि आपणच मागे चाललोय असं वाटून गरगरतं. तेव्हा पायाकडे बघायचं नाही, लांब क्षितिजाकडे बघायचं. घोट्याएवढ्या पाण्यातही तेवढंच सुख आहे, पुढे जायची गरज नाही. आणि वयाबरोबर तहान कळेनाशी होते, बीपीच्या काही गोळ्यांनी लघवी जास्त होते, मग आमच्यासारख्या "सारखं कुठे जायचं" म्हणून पाणीच पीत नाहीत. बाथरूम कुठे आहे ते पोचल्याबरोबर दाखवून टाक. गोळ्यांचं निघण्याआधी डॉक्टरांना विचार, मनाने बंद नको. एक हलकी खुर्चीही ने, वाळूत खाली बसलं की उठवायला दोन माणसं लागतात.

नवीनवी_आई:
आजी, तुमचं वाचून डोळ्यात पाणी आलं आणि थोडी लाजही वाटली, कारण सूर्यास्ताची बोटिंग "आई बघतील बाळाला" याच हिशोबात धरली होती. नवऱ्याला वाचून दाखवलं, बराच वेळ गप्प होता, मग यादीतलं बोटिंग स्वतःच खोडलं. आता एक अडचण, आमच्या तारखांना ओहोटी बघितली तर बरोब्बर दुपारी दीडला येतेय 🤦 भर उन्हात.

वाळूत_पाय:
बुकिंग झालं नसेल तर आठवडाभर पुढे जा की. रोजची पन्नास मिनिटं धरली तर सात दिवसांत जवळपास सहा तास सरकते, एक ओहोटी सकाळी सातच्या आसपास मिळेल आणि दुसरी संध्याकाळी. नक्की वेळ तिथल्या तक्त्यात बघा.

नवीनवी_आई:
पहिल्या सकाळी ६.५० ची ओहोटी दाखवतोय तक्ता. आईंना सांगितलं तर म्हणाल्या, एवढ्या पहाटे बाळाला कशाला उठवतेस, आपण दोघीच जाऊ.