गॉथम बाउल: फजिती म्हणून विसरायचा, की सामना म्हणून आठवायचा?

लिंकनवासी (धागा सुरू करणारा)

नेब्रास्कातल्या लिंकनमध्ये राहून मला 19 वर्षं झाली. इथे शनिवारी विद्यापीठाचा फुटबॉल सामना असला की गावात लाल रंगाशिवाय दुसरं काही दिसत नाही. परवा ऑफिसात जेवताना बंद पडलेल्या बाउल सामन्यांचा विषय निघाला. एकाने गॉथम बाउलचं नाव घेतलं आणि "न्यूयॉर्कची फजिती" एवढं म्हणून विषय संपवला. मला ते लागलं, म्हणून हा धागा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलचा (चेंडू हातात घेऊन पळायचा तो खेळ) हंगाम संपला की चांगल्या खेळलेल्या दोन संघांना आमंत्रण देऊन एखादं शहर सामना भरवतं, तो बाउल. या सगळ्यांचा मूळपुरुष पॅसाडिनाचा रोझ बाउल, 1902 चा. आज असे 40 हून जास्त सामने होतात, तेव्हा मोजकेच होते. न्यूयॉर्कलाही आपला एक हवा होता; गॉथम हे न्यूयॉर्कचंच टोपणनाव. 1960 मध्ये घोषणा झाली, ओरेगन स्टेट यायला तयार झालं, पण त्यांच्यासमोर खेळायला कोणी मिळेना, म्हणून सामना रद्द. 1961 ला न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्स मैदानावर बेलरने यूटा स्टेटला 24-9 हरवलं, प्रेक्षक 15 हजारांच्या आसपास. 15 डिसेंबर 1962 ला यांकी स्टेडियमवर नेब्रास्का विरुद्ध मायामी. प्रेक्षक 6,166. त्यानंतर गॉथम बाउल झालाच नाही.

लोक एवढंच सांगतात आणि थांबतात. त्या दिवशी मैदानात काय झालं ते कोणी सांगत नाही. पारा उणे 10 सेल्सिअसच्या आसपास, जमीन गोठलेली. मायामीच्या जॉर्ज मिराने असल्या थंडीत 46 पास टाकले, त्यातले 24 साथीदारांनी झेलले, 321 यार्ड मिळाले. मध्यंतराला 20-20. नेब्रास्काच्या विली रॉसने किकऑफ (समोरच्यांनी लाथ मारून दिलेला चेंडू) झेलला आणि 92 यार्ड पळत जाऊन टचडाउन केला, म्हणजे समोरच्यांची गोलरेषा ओलांडली; त्याचे सहा गुण. शेवटी नेब्रास्का 36, मायामी 34. मायामी पुन्हा चाल करून येत होतं, तेव्हा बॉब ब्राउनने मिराचा पास मधल्यामध्ये पकडला म्हणून आम्ही वाचलो. नेब्रास्काने जिंकलेला हा पहिला बाउल. त्याआधी दोनदा गेलो, दोनदा हरलो.

इतका अटीतटीचा सामना ज्याने दिला त्याला फजिती म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. तुमचं मत सांगा.

हडसनकाठ

दादा, तुमचं नेब्रास्काप्रेम कळतं, पण अर्धी गोष्ट तुम्हीही गाळलीत. संघाचं विमान लिंकनलाच थांबवून ठेवलं होतं, कारण आयोजकांचा चेक वटतो की नाही याची विद्यापीठाला खात्री नव्हती. पैसे आल्याचं कळल्यावरच विमान हललं. ही फजिती नाही तर काय?

मी न्यू जर्सीत राहतो आणि माझा मुलगा शाळेच्या संघात खेळतो. या खेळात मुलांची हाडं मोडतात. त्या काळी या खेळाडूंना शिष्यवृत्तीपलीकडे छदाम मिळत नव्हता. गोठलेल्या जमिनीवर त्यांना आपटायला लावायचं आणि त्यांच्या प्रवासाची सोयसुद्धा धड करता येत नसेल, तर सामना भरवूच नये. 36-34 ही खेळाडूंची कमाई आहे, गॉथम बाउलची नाही. त्या मुलांचं कौतुक करताना आयोजकांना पाठीशी घालू नका.

लिंकनवासी

चेकची गोष्ट खरी आहे, लपवायचा हेतू नव्हता. इथे ती लहान मुलांनाही माहीत असते. पण आयोजकांवर तेव्हा काय ओढवलं होतं तेही बघा. 8 डिसेंबरपासून न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रांत संप सुरू झाला, तो 114 दिवस चालला. सामना 15 तारखेला. म्हणजे ऐन आठवड्यात शहरात पेपरच नाही. तिकिटं कुठे मिळतात, कोण खेळतंय, सामना किती वाजता, हे लोकांना कळायचं कसं? वर ती थंडी. उणे 10 ला चेंडू दगडासारखा होतो. गेल्या जानेवारीत मुलाबरोबर अंगणात झेलून बघितला, चार-पाच झेलांनंतर तळव्यांची अशी आग झाली की हातमोजे घातल्यावरही बराच वेळ बोटं वळत नव्हती. अशा दिवशी घराबाहेर पडून 6,166 माणसं आली, याचंच मला अप्रूप आहे.

आकडेमोड

संप आणि थंडी ही कारणं मला पटत नाहीत. कारण सांगतो.

याच यांकी स्टेडियमवर बरोबर 15 दिवसांनी, 30 डिसेंबर 1962 ला, न्यूयॉर्क जायंट्स आणि ग्रीन बे पॅकर्स यांच्यात एनएफएलचा (व्यावसायिक फुटबॉल लीगचा) अंतिम सामना झाला. ग्रीन बे 16-7 ने जिंकले. त्या दिवशीही कडाक्याची थंडी, वर उभं राहू न देणारा वारा. पेपरचा संप तेव्हाही चालूच होता. आणि प्रेक्षक किती? 64,892.

मैदान तेच, शहर तेच, थंडी तीच, पेपर बंद. दहापटीहून जास्त माणसं. न्यूयॉर्ककरांना जे बघायचं होतं ते बघायला ते आले. गॉथम बाउल त्यांना बघायचा नव्हता, एवढाच याचा अर्थ.

शनिवारचा प्रेक्षक

आकडेमोड, आकडे बरोबर आहेत, तुलना बरोबर नाही. जायंट्स त्यांचा घरचा संघ, वर्षभर तिकिटं काढून बसलेले लोक, आणि सामना विजेतेपदाचा. शिवाय तेव्हा नियम असा होता की घरच्या मैदानावरचा एनएफएल सामना त्या शहराच्या टीव्हीवर दाखवायचा नाही. बघायचा तर स्टेडियमवरच जावं लागे. नेब्रास्का आणि मायामी हे दोन्ही पाहुणे, दोन्ही हजार मैलांहून लांबचे. पाहुण्यांचा सामना बघायला यजमान गर्दी करत नसेल, तर तो खेळाडूंचा दोष कसा?

आकडेमोड

खेळाडूंचा दोष मी म्हणालोच नाही. पण मग तुम्ही माझंच बोलताय. पाहुण्यांचा सामना आपल्या शहरात चालेल की नाही, हे ओळखणं हेच तर आयोजकांचं काम.

जुनी कात्रणं

तुम्ही सगळे डिसेंबर 1962 बद्दल भांडताय. दुखणं त्याच्या दहा वर्षं आधीचं आहे.

एके काळी न्यूयॉर्क हे कॉलेज फुटबॉलचं मोठं गाव होतं. फोर्डहॅमचे सामने, न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीचे सामने, यांना तुडुंब गर्दी व्हायची. मग न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीने 1952 च्या हंगामानंतर फुटबॉल बंद केला, फोर्डहॅमने 1954 नंतर. कोलंबिया उरलं, पण ते आयव्ही लीग या जुन्या, नामांकित विद्यापीठांच्या गटातलं, आणि त्या विद्यापीठांनी हंगामानंतर खेळायचंच नाही असं ठरवलं होतं. म्हणजे 1961 मध्ये गॉथम बाउल आला तेव्हा शहरात ज्याच्यासाठी जीव टाकावा असा कॉलेजचा संघच उरला नव्हता. मूर्ती नसलेल्या देवळात उत्सव भरवल्यासारखं झालं ते.

शेजारचंही उदाहरण घ्या. अगदी त्याच दिवशी, 15 डिसेंबर 1962 ला, दीडशे किलोमीटरवर फिलाडेल्फियात लिबर्टी बाउल चालू होता. ओरेगन स्टेट विरुद्ध विलानोव्हा. हो, तेच ओरेगन स्टेट, ज्यांना दोन वर्षांपूर्वी गॉथमने प्रतिस्पर्धी शोधून दिला नव्हता. त्यांच्या टेरी बेकरने स्वतःच्या गोलरेषेजवळून चेंडू घेतला आणि 99 यार्ड धावला. सामन्यातले गुण तेवढेच, 6-0. त्या वर्षीची हाइस्मन ट्रॉफी, म्हणजे कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान, त्याच बेकरची. तिथे 17 हजार लोक आले, थंडी तिथेही होती. विलानोव्हा फिलाडेल्फियाच्या वेशीवरचं, म्हणजे निदान एक संघ तरी घरचा.

पण लिबर्टी बाउललाही फिलाडेल्फिया झेपलं नाही. पुढच्या वर्षी गर्दी आणखी घटली. 1964 ला त्यांनी अटलांटिक सिटीच्या सभागृहात, छपराखाली सामना घेतला. 1965 ला गाशा गुंडाळून मेम्फिसला गेले आणि तिथे रुजले, आजही तो सामना होतो. गॉथमला हे करता आलं नाही, कारण त्याच्या नावातच न्यूयॉर्क होतं. म्हणून माझं मत असं की गॉथम बाउल फजितीही नव्हता आणि थोरही नव्हता. तो चुकीच्या गावात जन्मला, आणि गाव सोडायची त्याला सोय नव्हती.

हडसनकाठ

कात्रणं, तुमची मांडणी आवडली, पण "चुकीच्या गावात जन्मला" म्हटलं की कोणाचीच जबाबदारी राहत नाही. 1960 ला संघ मिळाला नाही. 1961 ला मोठ्या मैदानात 15 हजार आले, तेही बेलरसारखा संघ आणि यूटा स्टेटकडून मर्लिन ओल्सन खेळत असताना. ओल्सनला त्या वर्षी आउटलँड ट्रॉफी (पुढच्या फळीतल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान) मिळाली होती. दोन वर्षं धोक्याची घंटा वाजत होती. तिसऱ्या वर्षी आणखी मोठं मैदान घेतलं! कुठल्याही गावातल्या जत्रेचा पंच असं करणार नाही.

आणि सामना मनापासून भरवला तर काय होतं याचं उदाहरण त्याच 1961 मधलं आहे. 29 ऑक्टोबर 1960 ला कॅलिफोर्नियातल्या कॅल पॉली विद्यापीठाच्या संघाचं विमान ओहायोतल्या टोलीडोला कोसळलं, 22 जण गेले, त्यातले 16 खेळाडू. त्यांच्या कुटुंबांसाठी आणि वाचलेल्यांसाठी पुढच्या वर्षी लॉस एंजेलिसच्या कोलिझियममध्ये मर्सी बाउल झाला. फ्रेझ्नो स्टेट आणि बोलिंग ग्रीन, म्हणजे कॅल पॉली ज्यांच्याशी शेवटचं खेळली तोच संघ. दोन्ही संघ तसे लहान, तरी 33 हजार लोक आले. तिथे जमलेल्या प्रत्येकाला आपण का आलोय ते ठाऊक होतं. तोही सामना पुढे चालला नाही, पण त्याला कोणी फजिती म्हणत नाही. सामना का भरवतोय याचं उत्तर गॉथमकडे "आपल्या शहरालाही एक असावा" एवढंच होतं. मला ते पुरेसं वाटत नाही.

पाचवी गल्ली

मी मुंबईची, या खेळातलं फार कळत नाही, पण बंद पडलं म्हणजे वाईट होतं हा सूर खटकला. आमच्या आजोबांनी ब्रेबर्नवर पंचरंगी सामने पाहिले होते. गर्दी अशी की माणूस माणसाला चिकटलेला. तरी 1946 नंतर ते बंद झाले, आणि धर्मावार संघ पाडून खेळणं बंद झालं हे बरंच झालं असं आजोबाच म्हणायचे. गर्दी असून बंद पडायला हवं असं काही असतं, तसं गर्दी नसतानाही चांगलं असं काही असू शकतं. प्रेक्षक मोजून सामन्याची किंमत ठरवू नका.

लिंकनवासी

ताई, हेच मला म्हणायचं होतं, पण नीट मांडता आलं नाही.

हडसनकाठ, मर्सी बाउलबद्दल तुमचं बोलणं मान्य. चेकबद्दलही मान्य. विद्यार्थ्यांना विमानतळावर ताटकळत ठेवणाऱ्या आयोजकांचा बचाव मी करणार नाही. पण "खेळाडूंची कमाई, गॉथमची नाही" हे मला पटत नाही. ते मैदान आणि तो दिवस नसता तर ती कमाई कुठे झाली असती?

नेब्रास्काच्या बाजूने बघा. 1956 ते 1961 सलग सहा हंगाम आम्ही जिंकण्यापेक्षा हरलो जास्त. 1962 ला वायोमिंगहून बॉब डेव्हनी प्रशिक्षक म्हणून आले आणि पहिल्याच वर्षी संघ उभा केला. त्याच वर्षी 3 नोव्हेंबरपासून लिंकनच्या मेमोरियल स्टेडियमची सगळी तिकिटं खपायला लागली, तो विक्रम आजवर तुटलेला नाही. अशा संघाला मोठ्या बाउलचं बोलावणं आलं नव्हतं. बोलावलं ते गॉथमने. त्या मुलांनी रिकाम्या स्टेडियममध्ये 36-34 खेळून दाखवलं. डेव्हनींनी पुढे 1970 आणि 1971 ला राष्ट्रीय विजेतेपद आणलं. एका बाउलमुळे ते सगळं झालं असं मी म्हणत नाही. पण सहा वर्षं हरणाऱ्या संघाला आपण बाउलही जिंकू शकतो हे पहिल्यांदा कळलं ते त्या थंडीत.

आकडेमोड

एवढं मी मान्य करतो: नेब्रास्कासाठी त्या सामन्याचं मोल वेगळं आहे. पण न्यूयॉर्कसाठी काय? नंतर पलीकडे न्यू जर्सीत 1978 ते 1981 गार्डन स्टेट बाउल झाला, तोही बंद पडला. तेव्हा 1962 हा अपवाद नव्हता.

शनिवारचा प्रेक्षक

आणि तरी 2010 पासून नव्या यांकी स्टेडियमवर पिनस्ट्राइप बाउल चालू आहे, डिसेंबरच्या थंडीतच. पहिल्याच वर्षी सिराक्यूजने कॅन्सस स्टेटला हरवलं. कॅन्सस स्टेटच्या खेळाडूने शेवटी टचडाउन केला आणि प्रेक्षकांना सलाम ठोकला, त्याबद्दल पंचांनी संघाला 15 यार्ड मागे सरकवलं, मग टचडाउननंतरच्या जादा संधीतले बरोबरी साधायचे दोन गुण हुकले. आणि अंतिम गुणसंख्या बघा: 36-34.

लिंकनवासी

काय सांगता! 36-34? इतकी वर्षं इथे राहून हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

आमच्या शेजारी एक आजोबा आहेत, ऐंशीच्या पुढचे. 1962 चा सामना त्यांनी रेडिओवर ऐकला होता. ब्राउनने पास पकडला तेव्हा वडिलांनी हातातली कॉफी तशीच जमिनीवर सांडली, हे ते दर वर्षी सांगतात. उद्या सकाळी बर्फ काढायला बाहेर आले की आधी त्यांना हे सांगतो.